गावात नेपाळ मैत्री संध्या घ्यायची तर: तारखेपासून हिशोबापर्यंत

शेजारी देशांच्या मैत्रीचा कार्यक्रम गावात ठरला की बहुतेक ठिकाणी एकच चित्र दिसते. एका रात्री सात देशांचे सात नाच बसवले जातात, नेपाळचा झेंडा चौकोनी छापून येतो आणि सत्कारात पाऊण तास जातो. ज्या देशाच्या नावाने मांडव घातला, त्या देशाचा माणूस मात्र कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसून राहतो. त्याची पाळी येते तेव्हा साडेनऊ झालेले असतात, बायका लेकरांना घेऊन घरी गेलेल्या असतात आणि पोलीस पाटील घड्याळ दाखवत असतो.

यात कोणाची नियत खोटी नसते. तयारीचा क्रम चुकलेला असतो. म्हणून एक गोष्ट आधीच पक्की करा: एका संध्याकाळी एकच देश. पुढची सगळी मापे नेपाळ आणि चारशे माणसे धरून दिली आहेत. देश बदलला तर झेंडा, राष्ट्रगीत आणि खाणे बदलेल, बाकी क्रम हाच राहील.

१. तारीख (सहा आठवडे आधी)

त्या देशाचा राष्ट्रीय दिवस शोधून तीच तारीख धरायची, हा पहिला घोटाळा. विदर्भातल्या गावात ती तारीख मोकळी आहे का, हे आधी पाहावे लागते.

नेपाळ, बांगलादेश आणि श्रीलंका या तिघांचेही नवे वर्ष एप्रिलच्या १३-१४ तारखेच्या आसपास येते. आपल्याकडे १४ एप्रिल ही भीमजयंती. त्या दिवशी गावात दुसरा मांडव पडत नाही, पडूही नये. नेपाळचा प्रजातंत्र दिवस नेपाळी पंचांगातल्या फाल्गुनाच्या सातव्या गतेला (तारखेला), म्हणजे १८ किंवा १९ फेब्रुवारीला येतो. तो शिवजयंतीला भिडतो. ६ डिसेंबर हा भारत-बांगलादेश मैत्री दिवस, कारण १९७१ साली त्याच दिवशी भारताने बांगलादेशाला मान्यता दिली. पण तो महापरिनिर्वाण दिन आहे. त्या दिवशी नाचगाण्याचा कार्यक्रम ठेवणे ही चूक गाव वर्षानुवर्षे विसरत नाही. २१ फेब्रुवारीबद्दलही असाच गैरसमज आहे. जगभर तो मातृभाषा दिन असला तरी बांगलादेशात तो भाषेसाठी जीव दिलेल्यांच्या आठवणीचा दिवस आहे. त्या दिवशी डीजे शोभत नाही.

आता शेतीचे गणित. सोयाबीन दिवाळीच्या सुमारास घरी येते. धानाच्या पट्ट्यात, म्हणजे भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूरच्या पूर्व भागात, कापणी-मळणी डिसेंबरपर्यंत चालते. वऱ्हाडात कापूस वेचणी आणि तुरीची सवंगणी जानेवारीतही सुरू असते. दिवाळीनंतर मंडया (गावोगावचे मेळे), दंडारी (लोकनाट्ये) आणि झाडीपट्टीची नाटके सुरू होतात. आजूबाजूच्या पाच कोसांत ज्या रात्री नाटक आहे, त्या रात्री तुमच्या कार्यक्रमाला माणूस मिळणार नाही. फेब्रुवारीत बारावीची परीक्षा लागते आणि मार्चनंतर ऊन तापते.

हे सगळे वगळले की उरतात २७ जानेवारी ते ५ फेब्रुवारी हे दहा दिवस. त्यातला शनिवार सगळ्यात चांगला, शहरात शिकणाऱ्या किंवा काम करणाऱ्या पाहुण्याला रविवारी आराम मिळतो. श्रीलंकेसाठी तर ४ फेब्रुवारी हा त्यांचा स्वातंत्र्यदिनच या दहा दिवसांत येतो.

*तपासा:* आठवडी बाजाराचा वार, गावातली लग्ने, शेजारच्या गावचा शंकरपट (बैलांची शर्यत) आणि नाटक. या चार गोष्टी विचारल्याशिवाय तारीख जाहीर करू नका.

२. माणसे, परवानग्या, पैसा (पाच आठवडे आधी)

समितीत सात माणसे पुरतात. प्रत्येकाला एकच काम: पाहुणे, मंच-झेंडे, ध्वनी-वीज, गाणे-वाजवणे, स्वयंपाक, हिशोब, आणि वेळ. वेळ सांभाळणारा माणूस वेगळाच हवा. त्याच्याकडे घड्याळ, घंटी आणि सरपंचालाही थांबवायची मुभा असावी, आणि ही मुभा सर्वांसमक्ष आधीच द्यावी.

कागद असे:

- जागेसाठी ग्रामपंचायतीचा ना हरकत दाखला. शाळेचे पटांगण असेल तर शाळा व्यवस्थापन समितीची लेखी परवानगी.
- ध्वनिक्षेपकासाठी पोलीस ठाण्याची परवानगी. रात्री १० ते सकाळी ६ उघड्यावर ध्वनिक्षेपक बंद, हा ध्वनिप्रदूषणाच्या २०००च्या नियमांचा भाग आहे. म्हणून कार्यक्रम सव्वानऊच्या आत संपेल असाच आखा.
- विजेसाठी महावितरणकडून तात्पुरती जोडणी. आकडा टाकू नका.
- गावभर वर्गणी मागायची आणि मंडळ नोंदणीकृत नसेल, तर धर्मादाय आयुक्त कार्यालयाची तात्पुरती परवानगी. पावतीपुस्तक एकच, हाती एकाच माणसाच्या.

*इशारा:* नेपाळी पाहुण्याने खुशीने मंडळाला हजार-पाचशे रुपये दिले तर हात जोडून परत करा. परदेशी नागरिकाची देणगी रुपयांत आणि इथेच दिलेली असली तरी परकीय देणग्यांच्या २०१०च्या कायद्याखाली येते, आणि त्या नोंदणीशिवाय मंडळाला ती घेता येत नाही. पाहुण्याला वाईट वाटू नये म्हणून कारण सांगून परत करा.

पैशाचा पहिला वाटा पाहुण्यांच्या येण्याजाण्याचा आणि कलाकारांच्या मानधनाचा. तो लिफाफ्यात घालून आधीच बाजूला ठेवा. मांडव आणि डीजेवर पैसा संपतो आणि मादल (नेपाळी ढोलकी) वाजवणाऱ्याला एसटीच्या तिकिटाचे पैसे तेवढे मिळतात, ही फार लागणारी गोष्ट आहे.

३. पाहुणे शोधणे आणि बोलावणे (पाच ते चार आठवडे आधी)

नेपाळी माणूस शोधायला दिल्लीला पत्र लिहायची गरज नाही. तालुक्याच्या गावी चाऊमीन-मोमोच्या गाडीवर, ढाब्याच्या भटारखान्यात, रात्रपाळीच्या चौकीवर नेपाळची माणसे काम करतात. नागपूरच्या महाविद्यालयांत आणि वर्ध्याच्या महात्मा गांधी आंतरराष्ट्रीय हिंदी विश्वविद्यालयात परदेशी विद्यार्थी असतात. विभागप्रमुखाला पत्र दिले तर ओळख मिळते. लोककलेचे पथक हवे असेल तर नागपूरच्या दक्षिण मध्य क्षेत्र सांस्कृतिक केंद्रात जाऊन विचारा.

बोलावताना तीन गोष्टी विचारायच्याच.

एक, माणूस नेपाळचाच आहे ना. नेपाळी बोलणारे लाखो लोक दार्जिलिंग, सिक्कीम, आसामचे आहेत, ते भारतीय आहेत. त्यांना मंचावर ‘परदेशी पाहुणे’ म्हणणे हा अपमान आहे. हीच चूक मुलचेरा-चामोर्शी भागातल्या बंगाली वस्त्यांतले कीर्तनकार बोलावताना होते. त्यांची कुटुंबे पूर्व पाकिस्तानातून आली, पण ती माणसे गडचिरोलीची आहेत. आणि गोंदिया जिल्ह्यात प्रतापगडजवळच्या तिबेटी वसाहतीतले नर्तक बोलावले तर त्यांची ओळख तिबेटी म्हणूनच करून द्या. त्यांना नेपाळ किंवा भूतानच्या नावाखाली नाचवू नका.

दोन, ते नेपाळच्या कोणत्या भागातले. तराईतला, म्हणजे नेपाळच्या दक्षिणेकडच्या सपाट भागातला मधेसी माणूस घरी मैथिली किंवा भोजपुरी बोलतो. त्याच्या डोक्यावर जबरदस्तीने पहाडी नेपाळची ढाका टोपी चढवली तर तो हसून गप्प बसेल, पण ती त्याची नव्हे. काय घालायला आवडेल, हे त्यालाच विचारा.

तीन, काय खातात, किती वाजता परतायचे आणि सोबत कोण येणार. बाई पाहुणी असेल तर कपडे बदलायला कडी लागणारी खोली आणि स्वच्छ संडास मंचापासून जवळ हवा. हे काम गावातल्या दोन मावश्यांकडे द्या, त्या बरोबर करतात.

हाक मारायची पद्धत मुलांना शिकवून ठेवा. ‘बहादूर’, ‘कांचा’ या हाका चौकीदाराला मारून मारून आपल्याकडे रुळल्या आहेत, त्या बंद. मोठ्या पुरुषाला ‘दाइ’, मोठ्या बाईला ‘दिदी’, धाकट्याला ‘भाइ’, धाकटीला ‘बहिनी’. नमस्काराला ‘नमस्ते’ किंवा ‘नमस्कार’, आणि आभाराला ‘धन्यवाद’, जे आपल्याला वेगळे शिकावेच लागत नाही.

*तपासा:* पाहुणा गावात मुक्कामी राहणार असेल तर पोलीस ठाण्यात आधी सांगा आणि लागेल ती नोंद करून घ्या.

४. झेंडे (तीन आठवडे आधी)

सगळ्यात जास्त चुका इथे होतात, म्हणून इथे सावकाश चला.

नेपाळचा झेंडा आयताकृती नाही. दोन त्रिकोण एकावर एक, गडद किरमिजी रंग, भोवती निळी किनार, वर पांढरा चंद्र, खाली पांढरा सूर्य. फ्लेक्सवाले पांढऱ्या चौकोनात छापून देतात आणि तो तसाच काठीला लागतो. तो झेंडा न लावलेला बरा. गावातला शिंपी हा झेंडा दोन तासांत शिवू शकतो. नेपाळच्या २०१५च्या राज्यघटनेच्या पहिल्या अनुसूचीत त्याची कृती रेघ-रेघ करून दिली आहे. तिच्यावरून ४५ सेंमी रुंदीचे माप असे निघते:

- किरमिजी कापडावर खाली ४५ सेंमीची आडवी रेघ मारा. डावे टोक क, उजवे ख.
- क पासून सरळ वर ६० सेंमी. टोक ग. ही काठीकडची बाजू.
- क–ग रेघेवर क पासून ४५ सेंमीवर घ ही खूण करा. ख आणि घ तिरप्या रेघेने जोडा.
- त्या तिरप्या रेघेवर ख पासून ४५ सेंमी मोजून च ही खूण करा.
- च मधून जाणारी आडवी रेघ, काठीकडच्या बाजूपासून सुरू करून उजवीकडे ४५ सेंमी. टोक छ.
- छ आणि ग जोडा.
- कात्री चालवायची ती क–ख–च–छ–ग–क अशी.

*तपासा:* च ही खूण काठीकडच्या बाजूपासून १३.२ सेंमी आणि तळापासून ३१.८ सेंमीवर आली पाहिजे. च ते छ हे अंतरही ३१.८ सेंमी भरले पाहिजे. भरले नाही तर कापू नका, तिरपी रेघ पुन्हा मोजा. बहुतेक वेळा शिंपी ख ऐवजी घ पासून मोजतो आणि खालचा त्रिकोण आखूड होतो.

निळी किनार १.९ सेंमी रुंद, आणि ती वरच्या मापांच्या बाहेरून लावायची. आत दुमडून लावली तर झेंडा लहान होतो आणि सूर्याचे किरण किनारीला टेकतात. किनार धरून उंची सुमारे ६५ सेंमी होते.

चंद्र आणि सूर्य दोन्ही काठीकडच्या बाजूपासून ११.२५ सेंमीवरच्या एकाच उभ्या रेघेवर बसतात. सूर्याचा मध्य तळापासून १५.९ सेंमी, आतली तबकडी ६.१ सेंमी त्रिज्येची, किरणांची टोके ९.६ सेंमी त्रिज्येवर, किरण १२. चंद्रकोरीची टोके वर, तळापासून ४२.४ सेंमी उंचीवर, एकमेकांपासून १८ सेंमी. कोरीवर ८ किरण. पांढरे तुकडे कापडाच्या दोन्ही बाजूंना शिवा, नाहीतर मागून झेंडा कोरा दिसतो.

याच्या जोडीला ९० × ६० सेंमीचा तिरंगा घ्या. तिरंग्याचे हे अधिकृत मापांपैकी एक आहे, आणि उंचीत दोन्ही झेंडे जोडीचे दिसतात. तिरंग्याचे प्रमाण ३:२, ते चुकलेले झेंडे बाजारात खूप मिळतात. विकत घेताना टेप घेऊन जा.

लावण्याची रीत भारतीय ध्वजसंहिता, २००२मध्ये आहे:

- दोन्ही काठ्या सारख्या उंचीच्या, वेगवेगळ्या. शांततेच्या काळात एका देशाचा झेंडा दुसऱ्याच्या वर लावायचा नसतो.
- मंचावर लोकांकडे तोंड करून उभे राहा. तिरंगा तुमच्या उजव्या हाताला. म्हणजे बसलेल्या लोकांना तो डावीकडे दिसेल. उलट होण्याचे कारण एकच: झेंडे लावणारा माणूस लोकांच्या बाजूने बघून लावतो.
- भिंतीवर काठ्या फुलीसारख्या लावल्या तर तिरंग्याची काठी पुढे.
- आधी तिरंगा चढवायचा, उतरवताना तो शेवटी उतरवायचा.
- तिरंग्याच्या पताका, तोरणे, टेबलावरचा कपडा, रिबनचे फूल, काहीही करायचे नाही. २६ जानेवारीच्या उरलेल्या तिरंगी पताका मांडवाला बांधायचा मोह होतो. बांधू नका. आंब्याची पाने, झेंडू, रंगीत साध्या पताका लावा.

दुसरा देश असेल तर एवढे बघा. श्रीलंकेचा सिंह काठीकडे तोंड करून असतो आणि हिरवा-केशरी पट्टाही काठीकडेच. बांगलादेशाचा लाल गोळा बरोबर मध्यावर नसून काठीकडे थोडा सरकलेला. भूतानचा पिवळा भाग काठीकडे वर, केशरी खाली.

५. मंच आणि फलक (दोन आठवडे आधी)

मंच २४ × १६ फूट, उंची तीन फूट. मंचावर खुर्च्या जास्तीत जास्त सात. बाकी मान्यवर पहिल्या रांगेत.

फलकावर नकाशा टाकू नका. भारताचा नकाशा सर्व्हे ऑफ इंडियाच्या नकाशाशी न जुळणारा छापणे हा गुन्हा ठरू शकतो, आणि भारत-नेपाळ सीमेच्या काही भागाबद्दल दोन्ही देशांचे नकाशे वेगळे आहेत. इंटरनेटवरून घेतलेला नकाशा एकाला नाही तर दुसऱ्याला टोचणारच. रांगोळीतही नको. त्याऐवजी फलकावर कापसाचे बोंड आणि लालीगुराँस, म्हणजे नेपाळचे राष्ट्रीय फूल, काढले की दोन्ही बाजूंची ओळख होते.

नेपाळी भाषा देवनागरीतच लिहितात, म्हणून फ्लेक्सवाला हिंदी समजून ती दुरुस्त करतो. ‘यहाँहरूलाई हार्दिक स्वागत छ’ यातला चंद्रबिंदू आणि ‘छ’ जसाच्या तसा हवा. छापायच्या आधी मजकुराचा फोटो पाहुण्याला पाठवा.

६. गाणे-वाजवणे (तीन आठवडे आधीपासून)

ध्वनिमुद्रित गाण्यावर डोंगरी टोप्या घातलेली मुले नाचवणे सोपे असते, पण त्यात पाहुण्याच्या देशाचे काही नसते. कार्यक्रमाचा जीव एका जोड-गाण्यात ठेवा: नेपाळी लोकगीताचे एक कडवे पाहुण्याकडून शिकायचे, आपले एक भजन त्यांना द्यायचे, आणि दोन्ही एकत्र वाजवायचे. खंजिरी गावोगावी आहे, गुरुदेव सेवा मंडळाचे वादक घरचेच असतात. पाहुण्यांकडे मादल असेल, दोन्ही तोंडांनी वाजणारा, ढोलकीच्या जातीचा.

इथे एक तांत्रिक खड्डा आहे. आपले खंजिरी भजन बहुधा आठ मात्रांत चालते. नेपाळी गाण्यांत ख्याली ताल आपल्या आठ मात्रांच्या केरव्याशी जुळतो, तिथे अडचण नाही. पण पुष्कळ लोकगीते झ्याउरे तालात असतात, म्हणजे सहाच्या चालीत, दादऱ्याच्या जवळची. खंजिरीवाला सवयीने आठ वाजवतो, मादलवाला सहा. दोन ओळींत सगळे सुटते आणि दोघेही एकमेकांकडे बघत थांबतात. म्हणून गाणे ठरवताना पहिला प्रश्न मात्रांचा. झ्याउरे असेल तर खंजिरीवाल्याला आठवडाभर फक्त दादरा वाजवायला लावा. जमले नाही तर ख्यालीतले दुसरे गाणे मागा, त्यात कमीपणा नाही.

दुसरी गोष्ट सुराची. भजनी मंडळी उंच पट्टीत गातात. पाहुणी मुलगी त्या पट्टीत गाऊ शकत नाही. पट्टी पाहुण्याची, आपली माणसे खाली येतील.

तालीम किमान दोन वेळा एकत्र व्हावी. पाहुणे येऊ शकत नसतील तर त्यांनी मोबाइलवर टाळी देत गाऊन पाठवलेले ध्वनिमुद्रण घ्या. त्यावर सराव होतो.

राष्ट्रगीते दोन्ही सुरुवातीलाच, लागोपाठ: पाहुण्यांचे आधी, मग ‘जन गण मन’, सुमारे ५२ सेकंदांचे पूर्ण. शेवटी ठेवली तर अर्धे लोक जेवणाच्या रांगेत असतात.

*इशारा:* नेपाळचे आजचे राष्ट्रगीत २००७ पासून आहे आणि ते ‘सयौं थुँगा फूलका’ या शब्दांनी सुरू होते. ‘श्रीमान् गम्भीर’ या शब्दांनी सुरू होणारे जुने गीत राजेशाहीचे आहे. शोधताना दोन्ही सापडतात. पहिले चार शब्द ऐकून, पाहुण्याला ऐकवून, मगच पेनड्राइव्हमध्ये घ्या. मांडवात इंटरनेटच्या भरवशावर राहू नका.

७. खाणे (आदल्या दिवशी सकाळपासून)

दोन नेपाळी पदार्थ आणि एक आपला, एवढेच. सेलरोटी, आलूचे अचार, आणि आपला गोळाभात. सगळे शाकाहारी ठेवा, कोणाला विचारावे लागत नाही.

सेलरोटी म्हणजे तांदळाच्या पिठाचे गोल कडे, तेलात तळलेले. एक किलो तांदळाला साखर ३०० ग्रॅम, तूप १५० ग्रॅम, दोन पिकलेली केळी, वेलची. तांदूळ रात्रभर भिजवून, निथळून, रवाळ वाटायचा. साखर, तूप, केळी घालून फेटून दोन तास झाकून ठेवायचा. पीठ पळीतून न तुटता धारेने पडले पाहिजे. तेल चांगले तापले की तांब्याने किंवा चोचीच्या भांड्याने गोल धार सोडायची, आणि लाकडी काडीने उलटायची. प्लास्टिकची बाटली गरम तेलावर धरू नका.

बिघडते ते असे. कडे तेलात पसरून तुटते: पीठ पातळ, मूठभर तांदळाचे पीठ घाला. कडे फुटून तेलात कण सुटतात: तूप जास्त झाले. आत कच्चे, बाहेर काळे: आच जास्त. तेल पिते: तेल तापले नाही. धानाच्या पट्ट्यात नवा तांदूळ घरात असतो, पण तो चिकट निघतो. जुना, वर्षभराचा घ्या.

आता संख्या. एक किलोत पंचवीसेक होतात, म्हणजे चारशे माणसांना १६ किलो तांदूळ. एका कढईवर तासाला २५ ते ३० निघतात. दोन कढयांवर सात-आठ तास लागतात. संध्याकाळी गरमागरम वाढू असे म्हणणारे रात्री अकरापर्यंत तळत बसतात. सेलरोटी थंडीच्या दिवसांत चार दिवस टिकते. आदल्या दिवशीच तळून, गार करून, कापड अंथरलेल्या टोपल्यांत ठेवा. गरम असताना डब्यात भरली तर घाम सुटून मऊ पडते.

अचाराला २५ किलो आलू उकडून, सोलून फोडी, अडीच किलो तीळ भाजून वाटलेले, लिंबू, मीठ, हळद, तिखट, सांभार (कोथिंबीर). मोहरीचे तेल धूर निघेपर्यंत तापवायचे, मग आच बंद करून मेथीदाणे घालायचे. मेथी गडद व्हायला हवी. आपल्या सवयीने ती लालसर होताच काढली तर चव येत नाही. तेल नीट तापले नाही तर उग्र वास राहतो आणि लोक पानात टाकतात. तिळाऐवजी फल्लीचा कूट घालू नका, वेगळाच पदार्थ होतो. फोडी गार झाल्यावरच कालवा, नाहीतर लगदा होतो.

*तपासा:* दिलेली मापे आधी एक किलोवर करून बघा. आठवडाभर आधी, पाहुण्याला चव दाखवून.

८. ती संध्याकाळ

दुपारी तीनला ध्वनी लावून होऊ द्या. जनित्र आणून ठेवा आणि ध्वनी-दिव्यांच्या तारा वेगवेगळ्या ओढा. गावात सात वाजता सगळ्यांचे दिवे-पंप लागले की दाब पडतो आणि ध्वनी गुरगुरतो. पाच केव्हीएचे जनित्र एवढ्याला पुरते.

- ६:३० खंजिरी भजन. लोक गोळा होतात.
- ६:५० पाहुणे मंचावर. सूतमाळ किंवा झेंडूचा हार, शाल. सगळ्यांचा सत्कार एकदम, पाच मिनिटांत. नावे वाचायची, भाषण नाही.
- ७:०० दोन्ही राष्ट्रगीते.
- ७:०५ प्रास्ताविक, सात मिनिटे.
- ७:१५ पाहुण्यांचे बोलणे, पंधरा मिनिटे. हिंदीत किंवा नेपाळीत, दर दोन-तीन वाक्यांनंतर मराठीत सार.
- ७:३० नेपाळी गाणी आणि नृत्य.
- ८:०० दंडार किंवा गावचे पथक.
- ८:२५ जोड-गाणे.
- ८:४० सरपंचांचे आभार, तीन मिनिटे. मग जेवण.

प्रास्ताविकात काय बोलायचे, ते लिहूनच न्या. बुद्धांचा जन्म लुंबिनीचा, आणि लुंबिनी नेपाळात आहे. ‘बुद्ध भारतात जन्मले’ हे वाक्य नेपाळी माणसाला फार लागते आणि आपल्या मंचांवरून ते सर्रास बोलले जाते. बोधगया, सारनाथ, कुशीनगर आपल्याकडे, लुंबिनी त्यांच्याकडे, असे सरळ सांगा. १४ ऑक्टोबर १९५६ला नागपुरात धम्मदीक्षा झाल्यावर बाबासाहेब नोव्हेंबरमध्ये काठमांडूच्या जागतिक बौद्ध परिषदेला गेले होते. विदर्भातल्या सभेला नेपाळशी जोडायला याहून जवळची गोष्ट नाही. ‘लहान भाऊ-मोठा भाऊ’ ही उपमा टाळा, ‘नेपाळ आपलाच आहे’ हे तर मुळीच नको. सीमा, निवडणूक, पंतप्रधान, काही नाही. उत्साही वक्ता घसरलाच तर निवेदकाने घंटीची वाट न बघता जोड-गाण्याची घोषणा करावी.

*इशारा:* कार्यक्रम वीस मिनिटे मागे पडला तर दंडार कापा. पाहुण्यांचा वेळ कापू नका.

९. त्याच रात्री आणि नंतरचे दोन दिवस

आधी नेपाळचा झेंडा उतरवा, शेवटी तिरंगा. दोन्ही घडी घालून शाळेच्या कपाटात. लोकांच्या हाती कागदी झेंडे दिले असतील तर मुलांच्या दोन टोळ्या करून मांडव, रस्ता आणि जेवणाची जागा पालथी घाला. एकही पायदळी राहता कामा नये. ते नंतर आडोशाला, मानाने नष्ट करायचे.

पाहुणे आधी जेवतात आणि आधी निघतात. शेवटची एसटी पकडायला लावू नका. गाडी घरापर्यंत, सोबत समितीतला एक माणूस. मानधनाचा लिफाफा गाडीत बसण्याआधी हातात, आणि टोपलीतून बांधलेल्या सेलरोट्या घरच्यांसाठी.

दुसऱ्या दिवशी फोटो पाठवा. नावे पुन्हा विचारून, शुद्ध लिहून. तिसऱ्या दिवशी जमा-खर्च ग्रामपंचायतीच्या फलकावर पावती क्रमांकांसह लावा. उरलेली रक्कम कोणत्या खात्यात आहे, तेही त्याच कागदावर लिहा. झेंड्याची मापे, गाण्याच्या मात्रा आणि सेलरोटीचे प्रमाण एका वहीत उतरवून वही शाळेत ठेवा.